अग्निवीर परतताना

सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी परतणाऱ्या तरुणांची, म्हणजे अग्निवीरांची, बोळवण बँकेच्या दारातील पहारेकऱ्याच्या नोकरीवर होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीमेवरच्या चौकीत रात्रीचा पहारा दिलेला, सोबत्याच्या जिवाची जबाबदारी पेललेला मुलगा गावी येईल तेव्हा त्याच्या हाती सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी असेल. हुद्दा मात्र नसेल. माणसे सांभाळण्याची खरी तालीम नाईक, हवालदार या पायऱ्यांवर होते. तिथे पोचण्याआधीच योजनेच्या नियमानुसार चौघांपैकी तिघे घरी येणार. ही उणीव योजनेची, मुलांची नव्हे.

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाला निवृत्त सुभेदाराचे वजन ठाऊक आहे. ऐन विशीत गणवेश उतरवलेला गडी तिथेही नवाच. राज्य सरकारने या अग्निवीरांना आपत्ती व्यवस्थापनात नेतृत्वाचे प्रशिक्षण व जबाबदारीची पदे द्यावीत. तसा आदेश पहिली तुकडी परतण्याआधी निघावा, मोर्चे निघाल्यावर नव्हे.