वर्गातील यंत्रे आणि आपली मुले

जून उजाडला की शाखा कार्यालयात मुलांच्या शिक्षणाचे कागद येऊ लागतात. बोनाफाईड, शिक्षण भत्त्याचा अर्ज, केंद्रीय विद्यालयातील प्रवेश, बदली रद्द करण्याची विनंती. गेली काही वर्षे या कागदांबरोबर एक वेगळी तक्रार येते. मूल चलाख आहे, पण वाचता येत नाही. ऐकायला कमी येते, म्हणून शेवटच्या बाकावर बसते. पाच मिनिटे एका जागी टिकत नाही, म्हणून बाई रोज वहीत शेरा लिहून पाठवतात. असा बाप बहुधा कार्यालय रिकामे झाल्यावर येतो आणि आवाज खाली घेऊन बोलतो. थकबाकी मागताना टेबलावर मूठ आपटणारा आमचा सभासद स्वतःच्या मुलाबद्दल बोलताना मात्र इकडेतिकडे पाहतो. म्हणून हा विषय या अंकात उघडपणे मांडत आहोत.

शाळाशाळांच्या दारावर आता 'स्मार्ट क्लास'चे फलक लागले आहेत. मोठा पडदा, प्रोजेक्टर, टॅब. उद्घाटनाला पाहुणे, फीत आणि फोटो. यंत्राला आमचा विरोध नाही. वाफेचे इंजिन जाऊन विजेचे आले, टपालात बारकोड आला. यंत्र कोणासाठी आणले आणि ते चालवणार कोण, हे दोन प्रश्न आपण तेव्हाही विचारले. तेच शाळेत विचारायचे आहेत.

पडद्यावर चित्र हलते म्हणून कमी दिसणाऱ्या मुलाला ते दिसत नाही. स्पीकर मोठा केला म्हणून कमी ऐकणाऱ्या मुलाला शब्द उमगत नाही. उलट खोलीत घुमणारा आवाज त्याला जास्त गोंधळात टाकतो. त्याला हवा असतो बाईंच्या गळ्याशी लावलेला छोटा मायक्रोफोन, ज्याचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट त्याच्या श्रवणयंत्रात पोचतो. फलाटावरची अनाउन्समेंट आणि हातातला वॉकीटॉकी यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

अंध मुलांची गोष्ट तर आपल्या टपाल बांधवांना अधिक जवळची. लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये छापून प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी एकच अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. ब्रेल पुस्तके जाडजूड. एका पाठ्यपुस्तकाचे अनेक खंड होतात. ती खेड्यापाड्यांत पोचली ती पोस्टमनच्या पिशवीतून, कारण अंधांच्या साहित्याच्या पाकिटाला सात किलोपर्यंत टपालखर्च लागत नाही. आज त्या पिशवीच्या जोडीला संगणक आला आहे. एन.व्ही.डी.ए. नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आधीच भरलेले असते, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचे. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना तेथे चालणाऱ्या स्वरूपात पुस्तके मिळतात.

मराठीत एक अडचण राहते. पुष्कळ शाळा अजून प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात किंवा पुस्तकाच्या पानाचा नुसता फोटो पाठवतात. डोळ्यांना ती अक्षरे दिसतात, पण वाचणाऱ्या प्रोग्रामला जुन्या फॉन्टमध्ये निरर्थक चिन्हे मिळतात आणि फोटोत काहीच मिळत नाही. युनिकोडमध्ये टाइप केले की हा प्रश्न सुटतो. याला एक पैसा लागत नाही. लाखांचा पडदा बसवणाऱ्या शाळेला हे कोणी सांगितलेले नसते. पालकसभेत आपल्यापैकी कोणीतरी उठून सांगायला हवे.

मूकबधिर मुलांसाठी दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. डिसेंबर २०२४ मध्ये पी.एम. ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठी सुरू करण्यात आली. इटारसीला असा की सिकंदराबादला, वाहिनी तीच. खुणांत प्रांताप्रांताचे थोडे फरक असतात, पण बदलीच्या नोकरीत निदान एक शिकवणी तरी सामानाबरोबर हलते.

सर्वांत जास्त मार खातो तो अध्ययन अक्षमतेचा मुलगा, कारण त्याच्यात वरून काहीच दिसत नाही. 'म' आणि 'भ' त्याला सारखे वाटतात, तोंडी हिशोब बरोबर येतो आणि कागदावर चुकतो. घरी आळशी, शाळेत ढ. महाराष्ट्राने अशा मुलांना १९९६ मध्ये परीक्षेत सवलती दिल्या. वाढीव वेळ, लेखनिक अशी मदत मिळू लागली. २००७ च्या 'तारे जमीन पर'ने घराघरांत हा विषय नेला, तरी पट्टी अजून चालतेच. या मुलाला फोन मजकूर वाचून दाखवू शकतो, वाचताना शब्दाला रंग देऊ शकतो, आणि तो बोलेल ते लिहून घेऊ शकतो. पण आधी त्याची तपासणी झाली पाहिजे, आणि ती त्याच्या भाषेत. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा कन्नड, दोन वर्षांनी पुन्हा बदली, अशा मुलाला नवी भाषा येत नाही म्हणून अक्षम ठरवले जाते. कधी उलट होते. खरी अक्षमता असते आणि 'भाषा बदलली म्हणून मागे आहे' असे सांगून तीन वर्षे घालवली जातात. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कायदा कमी नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यांत अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक वर्गात अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असे सांगितले. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे अधिसूचित करून भरती करण्यास पुन्हा बजावावे लागले. चार वर्षांत दोनदा सांगावे लागते, यावरून काय ते समजावे. समग्र शिक्षा योजनेत अशा एका विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. बरे श्रवणयंत्रही त्यात बसत नाही. आणि अनेक ठिकाणी विशेष शिक्षक कंत्राटी, अनेक शाळा फिरणारा, आठवड्यातून एखादा तास देणारा. यंत्र त्याच्याशिवाय कपाटात पडते. बॅटरी संपली, कानातला साचा मुलाच्या वाढीबरोबर लहान पडला, प्रोग्राम अपडेट झाला नाही, एवढ्यावर मूल पुन्हा मागच्या बाकावर. पॉइंट्समन काढून नुसता पॉइंट ठेवला तर गाडी कुठे जाईल ते आपल्याला सांगायला नको.

आता आपल्या हातातले. केंद्रीय कर्मचाऱ्यांना शिक्षण भत्ता दरमहा २,२५० रुपये होता, तो १ जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये ५० पैसे झाला. अपंग मुलासाठी तो दुप्पट, म्हणजे ५,६२५ रुपये आहे. वर्षाचे ६७,५०० होतात. प्रमाणपत्र नाही म्हणून, किंवा प्रमाणपत्र काढले तर मुलाला डाग लागेल या भीतीने, कित्येक सभासद साधाच भत्ता घेत आहेत. मुलीच्या लग्नाचे काय, असे विचारणाऱ्या माउलीला आम्ही एवढेच सांगतो की या पैशात तिची बारावी होईल, मग ती स्वतःच विचार करील.

महिला कर्मचाऱ्यांची व एकल पुरुष पालकांची ७३० दिवसांची बाल संगोपन रजा अपंग मुलाच्या बाबतीत वयाच्या अटीतून मुक्त आहे. अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट देण्याचा आदेश २०१४ चा आहे, ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यात 'प्रशासकीय अडचण नसल्यास' अशी पळवाट आहे, आणि ती साहेबांना पाठ असते. म्हणून अर्ज तोंडी नको. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, यू.डी.आय.डी. कार्डाची प्रत, शाळेचे पत्र आणि मूल कोणत्या शिक्षकाकडे, कोणत्या साधनावर शिकते याची माहिती जोडा. बदलीने ती शिकवणी तुटते हे कागदावर आले की अडचण कोणाची मोठी ते ठरवावे लागते. नकार आला तर तोही लेखी मागा.

शाखा सचिवांनी येत्या महिन्यात दोन कामे करावीत. आपल्या शाखेतील अशा मुलांच्या पालकांना भेटून, नाव न छापता, कोणाचे प्रमाणपत्र राहिले आहे याची यादी करावी. आणि जेथे विभागीय रुग्णालयात श्रवण तपासणी किंवा मानसशास्त्रीय तपासणीची सोय नाही, तेथे महिन्यातून एक दिवस बाहेरचा तज्ज्ञ बोलावण्याची, तोवर जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवण्याची मागणी पुढच्या पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेवर घालावी. टपालाच्या शाखांनी ती आपल्या मंडल पातळीवरील बैठकीत मांडावी. तपासणीला दोन-तीन खेपा लागतात. रात्रपाळी करून आलेल्या ट्रॅकमेंटेनरला त्या दिवशी रोस्टरमधून मोकळे करण्याचा मुद्दाही त्याच पत्रात असावा.