आठव्या दिवशी काय?

अपघातात सापडलेल्या माणसावर पहिले सात दिवस रोख पैसे न भरता उपचार व्हावेत, अशी योजना आली, हे चांगलंच झालं. पण ज्याच्या पाठीच्या कण्याला किंवा मेंदूला मार बसला आहे, त्याची खरी परीक्षा आठव्या दिवशी सुरू होते. आणि ती सगळी घरातल्या बाईच्या भरवशावर सोडलेली असते.

५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारनं ही योजना लागू केली. रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत मिळावेत, अशी तिची रचना आहे. गरज होतीच. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. 'आधी पैसे भरा' या तीन शब्दांपायी किती जीव गेले असतील, कोण जाणे!

पण जीव वाचला, म्हणजे माणूस परत उभा राहिला असं नाही. मानेत किंवा पाठीत मज्जारज्जूला इजा झाली, की त्या जागेच्या खालचं शरीर मेंदूचं ऐकेनासं होतं. इजा कमरेच्या वर पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही जातात. त्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा आणि कातडीची जाणीव जाते, हे मात्र बहुतेकींना डिस्चार्जच्या दिवशीच कळतं. हातात फाइल, पिशवीभर औषधं, लघवीची पिशवी आणि एक वाक्य: 'आता घरीच काळजी घ्या.'

ही काळजी घ्यायची कुणी, हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही. तो विचारायच्या आधीच उत्तर ठरलेलं असतं. बायको, आई, बहीण, सून.

सेवा म्हणजे पुनर्वसन नव्हे

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कमरेखाली लुळं झालेलं माणूस फार जगत नसे. पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्याचा बळी घेत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि हे चित्र पालटलं. त्यांची औषधं काही जगावेगळी नव्हती. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशय स्वच्छ ठेवायचं, आणि पलंगावर पडू न देता कामाला, खेळाला लावायचं! १९४८ मध्ये चौदा पुरुष आणि दोन स्त्रियांना घेऊन त्यांनी धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ त्यात आहे.

या गोष्टीतला महत्त्वाचा भाग आपण विसरतो. पुनर्वसन म्हणजे रुग्णाची सगळी कामं दुसऱ्यानं प्रेमानं करणं नव्हे. रुग्णाची कामं पुन्हा रुग्णाच्या हाती देणं, हे पुनर्वसन. पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकायचं कसं, खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलायचं कसं, आरशात बघून पाठीवर लालसर डाग तर पडला नाही ना हे तपासायचं कसं, दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीनं लघवी स्वतः काढायची कशी, शौचाची वेळ ठरवून शरीराला तशी सवय लावायची कशी. हात चालत असतील तर यातलं बरंचसं शिकता येतं. शिकवणारं कुणी लागतं, इतकंच. मान दुखावलेल्या माणसाला मदत लागतेच, पण आपली मदत कधी आणि कशी हवी हे सांगण्याचा हक्क त्याचा राहतो.

शिकवणारं कुणी नसलं, की घरात काय होतं? बायको भरवते, पुसते, उचलते, फिरवते. रात्री गजर लावून दोनदा-तीनदा उठते आणि कूस बदलते. शेजारीपाजारी म्हणतात, 'सावित्रीच आहे हो!' नवरा हळूहळू पाण्याचा पेलाही स्वतः घेईनासा होतो. वर्षभरात बाईची कंबर धरते, नोकरी असली तर सुटते, शेत असलं तर वाट्यानं जातं. एका अपघातात दोन माणसं परावलंबी होतात. त्यातल्या एकाचीच नोंद रुग्णालयात असते.

मेंदूला मार बसलेल्याच्या घरात हे आणखी अवघड. माणूस चालतो, बोलतो, म्हणून जग त्याला 'बरा झाला' म्हणतं. पण नुकतं सांगितलेलं तो विसरतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो, लगेच थकतो, व्यवहार सांभाळू शकत नाही. 'हा माझा नवरा नाहीच, दुसराच कुणीतरी घरी आलाय,' असं वाटणाऱ्या बाईला ते बोलूनही दाखवता येत नाही. त्या वागण्यामागे इजा आहे, हट्ट नाही, हे तिला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. अपघातानं मेंदूला झालेली इजा त्या यादीत स्वतंत्र नावानं नाही. त्यातून चालणं गेलं, दृष्टी गेली किंवा वाचा गेली, तर त्या खात्यावर प्रमाणपत्र मिळू शकतं. पण गेली असेल ती फक्त आठवण आणि समज, तर बाईनं दाखवायचं काय आणि कुणाला?

'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'

आपल्याला हे जमत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मुंबईत हाजीअलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली त्यांनी पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा आपण डोळे पुसत त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द होतीच. पण जखमी जवानाला पुन्हा उभं करणं हे आपलं काम आहे, असं मानणारी एक व्यवस्थाही लष्कराकडे आहे. झाडावरून पडलेल्या बागायतदाराला, परातीवरून कोसळलेल्या गवंड्याला, मोटारसायकलवरून घसरलेल्या पोराला ती कुठून मिळणार?

कायदा काय म्हणतो? पुनर्वसनाच्या सेवा सरकारनं द्याव्यात, असं २०१६ च्या कायद्यात कलम २७ मध्ये लिहिलं आहे. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता असावा, असंही कलम २४ म्हणतं. पण दोन्हीकडे एक शेपूट आहे: 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. या शेपटीला धरून पाहिजे तितकी वर्षं काढता येतात. केरळनं निदान २०१० साली अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांसाठी योजना काढली आणि दरमहा रक्कम ठरवली. रक्कम तुटपुंजी, पण 'ही बाई काम करते आहे' एवढं तरी सरकारी कागदावर आलं. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची मदत २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. ती रुग्णाला. त्याला उचलणाऱ्या हातांचा हिशेब वेगळा धरलेला नाही.

आणि मेडिक्लेम? पॉलिसीची बारीक अक्षरं एकदा भिंग घेऊन वाचाच. विमा नियामकानं २०१९ मध्ये जे प्रमाणित अपवाद ठरवून दिले, त्यांत 'विश्रांती, पुनर्वसन आणि काळजीवाहकाला उसंत' असा एक अपवादच आहे. आंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं यासाठी लागणारी मदत त्यात मोडते. म्हणजे लाखोंची शस्त्रक्रिया मिळेल. त्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला जगायला शिकवणं मात्र बहुतेक पॉलिसींत मिळणार नाही. कंपनीनं हे मुद्दाम वाढवून दिलं असेल तरच.

किंमत लावली ती न्यायालयानं

या कामाला किंमत आहे, हे ठणकावून सांगितलं ते सर्वोच्च न्यायालयानं. हरियाणातली बारा वर्षांची एक मुलगी २००७ मध्ये आईवडिलांसोबत ट्रॅक्टरवरून जात असताना ट्रकची धडक बसून मेंदूला गंभीर इजा झाली. उच्च न्यायालयानं तिच्या सोबतीसाठी महिना अडीच हजार रुपये धरले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन माणसांचे प्रत्येकी पाच हजार धरले आणि एकूण भरपाई सुमारे २६ लाखांवरून ६२ लाख २७ हजारांवर नेली. चोवीस तासांचं काम एका माणसाचं नाही, हे त्यातलं साधं गणित. प्रत्येक घरातल्या बाईला ते पाठ आहे. निकालात लिहिलं गेलं, हे महत्त्वाचं. जानेवारी २०२१ च्या आणखी एका निकालात याच न्यायालयानं गृहिणीच्या कामाचं मोल धरायलाच हवं, असं बजावलं. म्हणून मोटार अपघाताचा दावा लावताना वकिलाला आवर्जून विचारा: सोबतीचा खर्च मागितला आहे का? घरचीच माणसं करतात म्हणून तो शून्य धरू देऊ नका.

सरकारी आकडेही हेच सांगतात. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्यांच्या देखभालीत सहभागी होत्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. त्या स्त्रियांचे दिवसाचे १४० मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ७४. यात मुलांचं करणंही आलं. पण घरात कणा मोडलेलं माणूस असेल, तिथे मिनिटांत मोजायला दिवसच पुरत नाही.

आणि तीच पडली तर?

आता उलट बाजू बघा. जखमी झाली ती घरातली बाईच असेल तर? सेवेला हात कुणाचे? अनेकदा उत्तर येतं, 'काही दिवस माहेरी राहू दे.' ते काही दिवस लांबत जातात. तिच्याबद्दल बोललं जातं ते 'हिचं कसं होणार' या सुरात, आणि 'आता मूल कसलं!' हे तर गृहीतच. खरं तर मज्जारज्जूच्या इजेनंतर बहुतेक जणींची पाळी काही महिन्यांत पूर्ववत होते आणि आईपणाची क्षमता टिकून राहते. गर्भारपणात जास्त देखरेख लागते, पण ते शक्य असतं. हे तिला सांगायला डॉक्टरही संकोचतात.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन कॉलेजच्या वयात व्हीलचेअरवर आल्या. त्यांनी नोकरी केली, १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारायला पुढाकार घेतला आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिलं. पॅराग्लायडिंगच्या अपघातानंतर डॉ. केतना मेहता यांनी मुंबईत नीना फाउंडेशन सुरू केलं, तेही मज्जारज्जूची इजा झालेल्यांसाठीच. दीपा मलिक यांनी २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. या तिघींना आपण 'प्रेरणादायी' म्हणून हार घालतो आणि घरच्या बाथरूमचं दार मात्र खुर्ची जाणार नाही इतकं अरुंदच ठेवतो!

दार रुंद करणं, बारा फुटांना एक फूट चढेल असा उतार बांधणं, ओटा खाली घेणं, बाथरूममध्ये धरायला दांडी लावणं यात काही रॉकेट शास्त्र नाही. घराबाहेरही तेच. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येणं हा ऐच्छिक उपकार नाही, त्यासाठी सक्तीचे नियम करा, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला बजावलं.

मग मागायचं काय? जिल्हा रुग्णालयात पुनर्वसनाचा विभाग आणि डिस्चार्जपूर्वी रुग्णाला व घरच्यांना, त्यातही घरच्या पुरुषांना, रीतसर प्रशिक्षण. पहिलं वर्षभर घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. काळजीवाहकाला भत्ता आणि महिन्यातून काही दिवस उसंत. विम्यातला तो अपवाद रद्द.

यातलं काही उद्या होणार नाही. पण एक गोष्ट हाताशी आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि या संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत विचारा: गेल्या वर्षीचे पाच टक्के कुठे गेले? त्यातून कुणाच्या घरी उतार झाला, कुणाला मापाची खुर्ची मिळाली? उत्तर लेखी मागा. बचत गटातल्या चारजणी सोबत न्या, म्हणजे ते लवकर मिळेल.