औषध मोफत, वाट महाग

एचआयव्हीबाधितांना सरकारने आजन्म मोफत औषध पुरवावे हा मुळातच अव्यवहार आहे, असे मत आमच्या यवतमाळात एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच जाहीरपणे मांडले. फुकटाची कदर नसते म्हणून रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात, तेव्हा माफक शुल्क आकारावे. वाचलेला पैसा प्रतिबंधावर खर्चावा. आणि परक्यांच्या संशोधनाच्या स्वस्त नकलांवर विसंबणे सोडावे, अशी ही कैफियत आहे.

नकलांचा मुद्दा आधी निकालात काढतो. 1970 च्या पेटंट कायद्याने हक्क मान्य केला तो औषध बनविण्याच्या प्रक्रियेवर, औषधावर नव्हे. म्हणूनच पाश्चात्त्य बाजारात वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात जाणारा तीन औषधांचा संच मुंबईच्या सिप्लाने 2001 मध्ये एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेला 350 डॉलरांत देऊ केला, आणि 1 एप्रिल 2004 पासून सरकारला मोफत उपचार सुरू करता आले ते या स्वस्ताईच्या बळावर. कायद्याने दिलेल्या मुभेस चौर्यकर्म म्हणणे हा निखालस अन्याय आहे. प्रतिबंधाविषयी एवढेच सांगतो की, उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदारास होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे 2011 साली ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले तिच्यात पुण्याचाही सहभाग होता.

पण ‘कदर नसते’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त झोंबला, कारण तो जुनाच आहे. आफ्रिकेतील लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, मग त्यांना वेळेवर घ्यावयाची औषधे देऊन उपयोग काय, असे 2001 साली एका धनाढ्य राष्ट्राच्या मदतखात्याचा प्रमुख बोलून गेला होता. पुढे 2006 मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा नियमितपणे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत 77 टक्के आणि उत्तर अमेरिकेत 55 टक्के आढळले. गरिबाला बेपर्वा ठरविणाऱ्यांनी हा आकडा कधी वाचला आहे काय?

आणि ही गोळी फुकट पडते तरी कोणाला? झरी-जामणीकडील एखादी मजूर बाई ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे घर सोडते, पांढरकवड्याला गाडी बदलून यवतमाळ गाठते, रांगेत उभी राहते, आणि दिवे लागल्यावर घरी परतते. त्या दिवसाची मजुरी बुडते, शेजारणीला सांगण्यासाठी काही निमित्त जुळवावे लागते, आणि बाटलीतील गोळ्या वाजू नयेत म्हणून त्या फडक्यात बांधून बाटली वाटेतच टाकावी लागते. एस.टी.च्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे खरा. परंतु गावच्या माणसांनी भरलेल्या गाडीत कंडक्टरपुढे तो दाखला काढणे म्हणजे आपले दुखणे चव्हाट्यावर मांडणे, आणि म्हणून ती निमूटपणे तिकिटाचे पैसे मोजते. दुखण्याची वाच्यता होऊ नये म्हणून 2017 साली संसदेने कायदा केला, 10 सप्टेंबर 2018 पासून तो अमलातही आला, आणि तरीही हक्काची सवलत मागताना गुप्तता तिलाच मोडावी लागते. एवढा भुर्दंड सोसून जी येते तिच्याकडून वर शुल्क घ्यावे, असे सुचवताना या गृहस्थांची जीभ कशी कचरली नाही? पैसे संपले म्हणजे औषध थांबते, आणि थांबत-थांबत घेतलेल्या औषधाला विषाणू दाद देईनासा होतो; मग दुसऱ्या फळीची अधिक महाग औषधे पुरविण्याचा बोजा सरकारच्याच तिजोरीवर पडतो.

करावयाचे ते फार मोठे नाही. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना एका खेपेस तीन महिन्यांची औषधे द्यावीत, जशी तजवीज 2020 च्या टाळेबंदीत करण्यात आली होती. तालुक्याच्या इस्पितळातून औषधवाटप नेमाने चालावे, तेथील साठा संपू नये. आणि प्रवासाच्या दाखल्यावर रोगाचा उल्लेख नसावा, सर्व दुर्धर आजारांच्या रुग्णांना एकाच नमुन्याचा दाखला मिळावा. यांपैकी शेवटच्या गोष्टीस नवा कायदा नको की मोठी तरतूद नको, एका परिपत्रकाने ती होण्यासारखी आहे, आणि ते परिपत्रक येत्या वेचणीच्या हंगामापूर्वी निघाले पाहिजे.