तरवडावरचा चुलतभाऊ

लेह-लडाखला जाऊन आलेला माणूस ओळखायला सोपा. आधी पँगाँगचे फोटो, मग बुलेटचे, आणि मग आवाज खाली आणून, ‘बॉस, पहिले दोन दिवस श्वासच पुरत नाही.’ खरंय त्याचं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. आपण गोळ्या घेऊन हॉटेलात आडवे, आणि खिडकीबाहेर एक पिवळं फुलपाखरू आरामात उडतंय. त्याचा फोटो मात्र कुणीच काढत नाही.

त्याचं नाव क्लाउडेड यलो. शास्त्रीय घराणं कोलियस. आता याची चुलतभावंडं कुठे भेटतात सांगू? सोलापूर रोडनं निघा. यवत, पाटस मागे टाका आणि कुरकुंभच्या अलीकडे-पलीकडे कुठेही गाडी बाजूला घ्या. माळावर तरवडाची पिवळ्या फुलांची झुडपं दिसतील. त्यांच्यावर पांढरट-हिरवट, कायम कुठेतरी उशीर झाल्यासारखं उडणारं ते एमिग्रंट. खाली गवतालगत भिरभिरणारं लिंबाच्या सालीच्या रंगाचं, ते ग्रास यलो. किंवा नगर रोडनं शिरूरला जा (जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये बदललं, रस्त्याचं आपल्या तोंडातलं नाही), तिथल्या माळावरही हीच मंडळी. कोलियस, एमिग्रंट, ग्रास यलो, तिघंही एकाच उपकुळातली. एक भाऊ लडाखला सेटल झाला, बाकीचे दौंड-शिरूरला राहिले. तुमच्या-आमच्या घरांत असतं तसंच.

मग लडाखच्या भावाकडे असं काय आहे, जे दौंडच्या भावाकडे नाही?

पहिली गोष्ट, त्याचा मोठा प्रॉब्लेम ऑक्सिजन नाहीच. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून निघालेल्या नळ्या हवा थेट स्नायूंपर्यंत पोचवतात. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, हे खरं. दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांत उंचावर राहणाऱ्या जातींचे पंख जास्त गोलसर सापडले आहेत, ते बहुधा त्यापायीच. पण खरा वैरी म्हणजे थंडी. फुलपाखराला स्वतःच्या अंगात फारशी ऊब तयार करता येत नाही. कोलियसला नीट उडायला अंगाचं तापमान ३५ ते ३९ अंश लागतं. म्हणजे साधारण तुमच्या-माझ्याइतकं. बाहेर दहा-बारा अंश असताना ते आणायचं कुठून?

उन्हातून. अमेरिकेतल्या वॉर्ड वॉट या शास्त्रज्ञानं १९६८मध्ये दाखवून दिलं, की कोलियसच्या मागच्या पंखांची खालची बाजू जितकी काळपट, तितकं ते उन्हात लवकर तापतं. मग उंचावरच्या जाती पाहिल्या, तर त्या जास्त काळपट, आणि छातीवरची लवही जास्त दाट. थोडक्यात, काळं जॅकेट आणि आत फरचा स्वेटर. हे फुलपाखरू सकाळी पंख मिटून सूर्याकडे कूस करून बसतं आणि अंग तापलं की उडतं. ढग आला की पुन्हा खाली. डोंगरातला उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, त्यात ढगाळ दिवस वजा केले तर जोडीदार शोधायला आणि अंडी घालायला हातात राहतात मोजके तास. अशा ठिकाणी पाच मिनिटं आधी तापणारा जिंकतो. त्याची पिल्लावळ वाढते, आणि काळेपणा बराचसा वारशानं येत असल्यानं पुढची पिढी आणखी थोडी काळी. उत्क्रांतीचा सगळा फंडा एवढाच. कुणी ठरवून काही करत नाही.

आता जीन्स. (घालायच्या नव्हेत.) वॉटनं पुढे आणखी खोलात जाऊन एक एन्झाइम धरलं. साखरेपासून ऊर्जा काढण्याच्या साखळीतली ती एक कडी, तिला पीजीआय म्हणतात. कोलियसमध्ये या एन्झाइमच्या जनुकाचे बरेच प्रकार आहेत. काही प्रकारांचं एन्झाइम काम झपाझप करतं, पण तापमान चढलं की मोडतं. काही प्रकारांचं उष्णतेत टिकून राहतं, पण कामाला जरा मंद. दोन्ही गुण एकाच प्रकारात मिळत नाहीत. फिनलंडच्या बेटांवरच्या ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या अगदी वेगळ्या कुळातल्या फुलपाखरातही हेच जनुक महत्त्वाचं निघालं. त्याचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे आहे, ती थंड सकाळी इतरांच्या आधी उडतात.

मला यातला सौदा सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. आपण ‘उंचावर जगतं म्हणजे सॉलिड टफ असणार’ असं धरून चालतो. पण ते टफ नाही, ते तिथलं आहे. तेच काळं जॅकेट खाली मैदानात जीव घेईल. अंगाचं तापमान चाळिशीपार गेलं, तर कोलियसचं आयुष्य आणि अंडी दोन्ही घटतात, हे प्रयोगांत दिसलंय. दौंडला मे महिन्यात सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो. लडाखचा हिरो इथे दुपारपर्यंतही टिकायचा नाही.

आणि दौंडचा भाऊ? त्याच्या पंखांना ते काळं अस्तर नाही. फिकट पंख, ऊन परतवणारे. दुपारी तो सावलीत पंख मिटून गप्प असतो. एमिग्रंट, म्हणजे स्थलांतर करणारं, हे नावच त्याच्या भटकेपणावरून पडलं. पाऊस झाला, तरवड-टाकळ्याला कोवळी पानं फुटली, की अंडी घालायला हजर. इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे त्या पानांचे दिवस मोजकेच. लडाखमध्ये उन्हाची घाई, इथे ओलाव्याची.

आपल्याकडच्या काहींनी तर वॉर्डरोबच दोन ठेवलेत. पीकॉक पँझी पावसाळ्यात पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके घेऊन फिरतं, कोरड्या दिवसांत जन्मलेलं मात्र हुबेहूब वाळकं पान. तीच जनुकं, कपडे वेगळे. बायसायक्लस या आफ्रिकी फुलपाखरावर याचा भरपूर अभ्यास झालाय. अळी कोणत्या तापमानात वाढली, त्यावर अंगातल्या संप्रेरकाचं वेळापत्रक हलतं आणि पंखावरचे डोळे मोठे की लहान ते ठरतं. ज्यांच्या गावात वर्षभरात दहा अंशही असतात आणि बेचाळीसही, त्यांना एकच स्वेटर परवडत नाही.

गंमत म्हणजे कोलियसची एक जात दक्षिणेतही आहे, नीलगिरी क्लाउडेड यलो. नीलगिरी, अनामलाई, पळणीच्या उंच गवताळ माथ्यांवर राहते, बाकी जगात कुठेही नाही. तिचे नातलग हिमालयात. मधे दोनेक हजार किलोमीटरचं गरम मैदान आणि पठार, ज्यात आपला दौंडही आला. शास्त्रज्ञांचा एक अंदाज असा, की हिमयुगात हवा थंड असताना अशा जीवांना दक्षिणेकडे सरकता आलं. मग हवा तापली तशी ती माथ्यांवर चढली आणि तिथेच अडकली. ज्या थंड माथ्यावर ती राहते ते तिच्यासाठी बेट, आणि दौंड म्हणजे समुद्र. हवा आणखी तापली तर या बेटावर वर सरकायला जागा नाही. वर नुसतं आभाळ.

तिची दुसरी अडचण माणसांनी केली. नीलगिरीच्या त्या गवताळ माथ्यांना इंग्रजांनी ‘वेस्टलँड’ ठरवलं आणि तिथे निलगिरी, वॅटलसारखी परकी झाडं लावली. झाडं वाढली, गवत गेलं. लांबून हिरवंगार दिसतं, आपण फोटोही काढतो.

आता शिरूर-दौंडच्या माळाला सातबारावर आणि सरकारी नकाशांत काय म्हणतात? पडीक. शब्द तोच, फक्त मराठीत. पाणी पोचलं तिथे ऊस आला (आणि शिरूरकडे उसात बिबट्या), उरलं तिथे एमआयडीसी नाहीतर एनए प्लॉट. चांगल्या हेतूनं कुणी वृक्षारोपण करायला आलं, तर माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा. ऊस लावू नये, कारखाना नको, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आपल्यातल्या निम्म्यांचे पगार रांजणगाव नि कुरकुंभवरून येतात. पण ‘तिथे काहीच नाही’ असं म्हणत तरवड उपटणं वेगळं. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. असा राखलेला माळ फार थोडा. 

बघायला कधी जायचं? कृष्णमेघ कुंटे यांच्या १९९७च्या अभ्यासात उत्तर सह्याद्रीत फुलपाखरं पावसाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्याच्या तोंडाला सर्वांत जास्त दिसली. माळालाही तोच मोसम मानवतो. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रांजणगावच्या गणपतीला निघालात, तर अर्धा तास जास्तीचा ठेवा. एकदम पहाटे पोचायची हौस नको, तेव्हा सगळी थंड पडलेली असतात. आठ-साडेआठला तरवडापाशी उभे राहा. पँझी पंख उघडे पसरून ऊन खात असतील. पिवळी भावंडं मात्र पंख मिटून, सूर्याकडे कूस करून, लडाखला बसतात तश्शीच.