प्रतीक्षेची किंमत पत्नीनेच का मोजावी?

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा कायद्याला १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्वद वर्षे पूर्ण झाली. महामंदीत होरपळलेल्या त्या देशात १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा वार्धक्य ही ज्याची त्याने निस्तरावयाची खाजगी आपत्ती नसून समाजाने वाटून घ्यावयाची जबाबदारी आहे, हे तत्त्व भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही मान्य करावे लागले. कामगार चळवळीच्या रेट्यावाचून ते घडले नसते. मात्र या नव्वद वर्षांचा जमाखर्च मांडताना एका वर्गाचे नाव कोणत्याच रकान्यात सापडत नाही. ज्यांचे पती अमेरिकेत आयुष्यभर राबले, ज्या स्वतः उतारवयात तेथे पोहोचल्या आणि ज्यांचा कायम निवासाचा अर्ज अद्याप सरकारी टेबलावर पडून आहे, अशा वृद्ध स्थलांतरित पत्नींचा हा वर्ग आहे. त्यांच्या निवृत्तिलाभाचा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु श्रम कोणाचे मोजावयाचे आणि कोणाचे नाही, हा समाजवादाचा मूलभूत प्रश्नच त्याच्या तळाशी आहे.

हा कायदा जन्मतःच परिपूर्ण नव्हता. १९३५ च्या मूळ कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले होते, आणि दक्षिणेकडील राज्यांत हे काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी दार उघडण्यास १९५० साल उजाडले, आणि तेही अर्धवटच उघडले. पत्नीचा विचारही प्रारंभी झाला नव्हता. १९३९ च्या दुरुस्तीने प्रथमच निवृत्त कामगाराच्या पत्नीला त्याच्या लाभाच्या निम्म्याइतकी स्वतंत्र रक्कम मिळू लागली आणि विधवेलाही संरक्षण लाभले. आज कायदा पती आणि पत्नी असा भेद करीत नाही. तथापि या तरतुदीवर विसंबून असणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. वयाच्या ६२ व्या वर्षापासून घटलेल्या दराने आणि पूर्ण निवृत्तिवयात निम्म्या दराने हा लाभ मिळतो. विवाहाला सामान्यतः एक वर्ष झालेले असावे आणि पतीचा स्वतःचा लाभ सुरू झालेला असावा, एवढ्याच मुख्य अटी. पत्नीने स्वतः एक डॉलरही भरलेला असण्याची गरज नाही.

या तरतुदीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कायदा तिला ‘आश्रित’ म्हणतो. परंतु व्यवहारात त्याने नकळत एक सत्य मान्य केले आहे. कारखान्याच्या दारातून आत जाणारा कामगार कोणीतरी रांधलेले खाऊन, कोणीतरी धुतलेले कपडे घालून आणि कोणीतरी मुलांना सांभाळील या भरवशावर घराबाहेर पडलेला असतो. त्याच्या मजुरीत त्या ‘कोणीतरी’चा वाटा आहे. मजुरीत वाटा असेल, तर मजुरीतून कापल्या गेलेल्या वर्गणीत आणि त्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या वार्धक्याच्या आधारातही तो असलाच पाहिजे.

१९९६ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दीत ‘कल्याणकारी व्यवस्थेच्या सुधारणे’चा जो कायदा झाला, त्याने या वाट्याला नवी अट जोडली. अमेरिकेत राहणाऱ्या परकीय नागरिकाला ज्या महिन्यात त्याची ‘कायदेशीर उपस्थिती’ सिद्ध होणार नाही, त्या महिन्याचा लाभ दिला जाणार नाही. कायदेशीर उपस्थिती म्हणजे काय, हे नियमावलीने ठरविले आणि तेथे भेदांची उतरंड रचली. पती अमेरिकन नागरिक असेल, विवाहाच्या आधारे केलेली त्याची याचिका मंजूर झाली असेल आणि पत्नीचा कायम निवासाचा अर्ज प्रलंबित असेल, तर ती कायदेशीररीत्या उपस्थित समजली जाते. पती नागरिक नसून केवळ ग्रीनकार्डधारक असेल, तर ही सवलत नाही. तिच्याजवळ दुसरा एखादा वैध परवाना असेल तरच तिचा निभाव लागतो. नागरिकाच्या पत्नीलाही ही सवलत वाटते तितकी सुलभ नाही. याचिका आणि निवासाचा अर्ज पुष्कळदा एकत्रच दाखल होतात आणि त्यांचा निर्णयही पुष्कळदा एकत्रच लागतो. म्हणजे ज्या मंजुरीमुळे प्रतीक्षाकाळात आधार मिळावयाचा, ती मंजुरी प्रतीक्षा संपतानाच हाती येते!

या स्त्रिया कोण आहेत? मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुराची, फिलिपाइन्समधून आलेल्या खलाशाची, पंजाबातून गेलेल्या टॅक्सीचालकाची पत्नी डोळ्यांपुढे आणावी. पती तरुणपणी गेला. ती सासूसासऱ्यांची सेवा करीत, मुलांना वाढवीत गावी राहिली. साठीच्या उंबरठ्यावर ती त्याच्याजवळ पोहोचते आणि प्रवेशाच्या परवान्याची मुदत संपून अर्जाची मुदत मात्र लांबत जाते. या सर्व काळात पतीच्या वेतनातून दर महिन्याला वर्गणी कापली गेली आणि मालकानेही तितकीच भरली. पैसे घेताना सरकारने कधी विचारले नाही की, तुझी पत्नी कोठे आहे आणि तिच्याजवळ कोणता कागद आहे? देण्याची वेळ आली, तेव्हा मात्र कागद आठवला.

आणि हा कागद देण्यास विलंब कोण लावतो? अर्जाचा निर्णय सरकारी कचेरीच्या हाती असतो. ग्रीनकार्डधारकांच्या पत्नींसाठी वार्षिक संख्यामर्यादा सरकारने ठरविली आहे. कोणत्याही एका देशाला अशा मर्यादित व्हिसांपैकी सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, हा दंडकही सरकारचाच आहे. म्हणजे रांग सरकारने लावावयाची, रांग पुढे सरकविणे सरकारच्याच हाती आणि रांगेत उभे राहिल्याचा दंड मात्र म्हातारीने भरावयाचा! पुढे ग्रीनकार्ड मिळाले तरी जे महिने ‘अनुपस्थिती’त मोजले गेले, त्यांचा लाभ परत मिळत नाही. पंचविशीतील अर्जदाराची दोन वर्षे वाया गेली, तर ती भरून काढण्यास त्याच्यापुढे आयुष्य असते. सत्तरीतील स्त्रीच्या उरलेल्या आयुष्यातूनच ती दोन वर्षे वजा होतात.

निवृत्तिलाभ नाही, तर निदान गरिबांसाठी असलेले साहाय्य तरी मिळेल काय? तेही दार बंद आहे. वृद्ध व अपंगांसाठी १९७४ पासून चालू असलेले पूरक साहाय्य त्याच १९९६ च्या कायद्याने बहुसंख्य नव्या स्थलांतरितांना नाकारले. ग्रीनकार्ड हाती आल्यानंतरही सामान्यतः पाच वर्षांची बंदी आणि वर चाळीस तिमाहींच्या, म्हणजे दहा वर्षांच्या कामाची अट! पत्नीचा भार आपण वाहू, असे हमीपत्र सरकारने पतीकडून लिहून घेतलेलेच असते, आणि घटस्फोट झाला तरी त्यातून त्याची सुटका होत नाही. याचा दुसरा अर्थ असा की, नवरा छळीत असला तरी भाकरीसाठी तिने त्याच्याच तोंडाकडे पाहावे, अशी व्यवस्था कायद्याने करून ठेवली आहे. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ज्या विशाल अर्थविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने यावर कळस चढविला. वृद्धांच्या आरोग्यविम्याची ‘मेडिकेअर’ योजना यापुढे नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि मोजके अपवाद यांपुरतीच राहील. प्रतीक्षेत असलेल्या ज्या वृद्धेला पतीच्या वर्गणीच्या बळावर निवृत्तिलाभ मिळू शकत होता, तिला त्याच्या जोडीने मिळणारा दवाखान्याचा आधारही आता तुटला. ज्यांना तो आधीपासून मिळत होता, त्यांना अठरा महिन्यांची मुदत देऊन बाहेर काढले जाणार आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जिने तिजोरीत काही भरले नाही तिने काढावे का? परंतु हा आक्षेप खरा असेल तर तो नागरिक पत्नीलाही लागू व्हावयास हवा. वर्षभरापूर्वी विवाह झालेली नागरिक स्त्री पतीच्या वर्गणीवर निम्मा लाभ घेऊ शकते, आणि चाळीस वर्षे संसार ओढलेली स्थलांतरित स्त्री घेऊ शकत नाही. येथे वर्गणीचा प्रश्न उरतोच कोठे? दुसरा आक्षेप खोट्या विवाहांचा. विवाह खरा की खोटा याची छाननी याचिकेच्या वेळी होतेच, आणि ती अवश्य व्हावी. मात्र नातवंडे असलेल्या जोडप्याचा विवाह खरा आहे, हे ठरविण्यास वर्षानुवर्षे लागत असतील, तर दोष जोडप्याचा नव्हे.

हा रोग एकट्या अमेरिकेचा नाही. कल्याणकारी राज्याचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, त्या न्यूझीलंडमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्याला स्वतः पात्र नसलेल्या जोडीदाराचा आपल्या वेतनात समावेश करता येत असे. ९ नोव्हेंबर २०२० पासून नव्या अर्जदारांसाठी ही सोय बंद झाली. तेथे निवासाची दहा वर्षांची अटही टप्प्याटप्प्याने वीस वर्षांवर नेली जात आहे. बाजारपेठांच्या सीमा मोकळ्या होत असताना माणसांच्या हक्कांच्या सीमा मात्र अधिकाधिक आवळल्या जात आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. पुण्यामुंबईहून संगणक-अभियंता म्हणून गेलेल्यांच्या पत्नींना तेथे वर्षानुवर्षे नोकरीची परवानगीच नव्हती; २०१५ पासून त्यांपैकी काहींना ती मिळाली. ज्यांना काम करू दिले नाही, त्यांच्या नावे चाळीस तिमाही जमतील कशा? वृद्धापकाळी त्यांना पतीच्या खात्यावरच विसंबावे लागेल. आणि भारतीय नागरिक असलेली पत्नी वा विधवा मायदेशी परतली, तर १९८३ च्या दुरुस्तीनुसार त्या नात्याने अमेरिकेत किमान पाच वर्षे राहिल्याची अट तिच्या आड येते. ज्या देशांचे अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेचे करार झाले आहेत, त्यांच्या नागरिकांना या अटीतून सूट मिळते. भारताचा असा करार अद्याप झालेला नाही. अनिवासी भारतीयांच्या मेळाव्यांत टाळ्या घेणाऱ्या आपल्या सरकारांनी या विधवांसाठी काय पदरात पाडून घेतले, हे एकदा सांगावे.

दुसऱ्याच्या घरातील अन्याय दाखविताना आपला उंबरठाही पाहिला पाहिजे. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्जदार किमान पंधरा वर्षे राज्याचा रहिवासी असावा, अशी अट आहे. तेलंगणातून वा कर्नाटकातून आलेली बांधकाम-मजुराची म्हातारी बायको आपल्या शहरांच्या इमारतींसाठी विटा वाहते आणि निराधार झाल्यावर रहिवासाच्या दाखल्यापाशी अडते. आपल्याच देशाच्या नागरिक स्त्रीला आपण जे देत नाही, ते अमेरिकेने परकीय स्त्रीला द्यावे असे म्हणताना आपला स्वर नम्र होणे भाग आहे. मात्र न्यायाची मागणी त्यामुळे सैल होत नाही. ती दोन्ही दारांत सारख्याच जोराने केली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. निवासाचा अर्ज रीतसर दाखल झाल्याच्या दिवसापासून पत्नी कायदेशीररीत्या उपस्थित मानली जावी, मग पती नागरिक असो वा ग्रीनकार्डधारक. अर्ज मंजूर झाल्यावर प्रतीक्षेच्या महिन्यांचा थकलेला लाभ तिला मिळावा. मेडिकेअरचे दार पुन्हा उघडले जावे. भारत सरकारने सामाजिक सुरक्षेचा करार घडवून आणताना केवळ कंपन्यांच्या वर्गणीची बचत पाहू नये. कामगारांच्या पत्नींचे आणि विधवांचे हक्क त्यात शब्दशः नोंदवून घ्यावेत. आणि महाराष्ट्र सरकारने निराधार वृद्धांसाठीची पंधरा वर्षांची अट रद्द करावी.

यांपैकी एकही मागणी दान मागत नाही. जी वर्गणी कापली गेली ती दोघांच्या कष्टांची होती; हिशेब पुरा करावयाचा तर तो दोघांच्या हयातीत व्हावा, एवढेच मागणे आहे.