चेक परत आला

दर वर्षी भाऊबीजेला मी माझ्या थोरल्या बहिणीला चेक पाठवतो. ताई दूर गावी असते. माझा प्रवास आताशा होत नाही आणि तिचा तर मुळीच होत नाही. हल्ली मोबाईलवरून पैसे क्षणात पोहोचतात, हे मला ठाऊक आहे. पण ताईला पाकीट हवे असते आणि पाकिटात दोन ओळींची चिठ्ठीही हवी असते. गेल्या वर्षी भाऊबीज होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तोच तिचा फोन आला, "अरे, तुझा चेक परत आला. सही जुळत नाही म्हणतात."

मी तणतणतच माझ्या बँकेत गेलो. स्वतःचीच सही स्वतःला जुळत नाही म्हणजे काय? तिथल्या तरुण कारकुनाने शांतपणे दोन्ही सह्या मला दाखवल्या. नमुन्याची सही तीस वर्षांपूर्वीची. ठसठशीत, खाली ओळंब्यासारखी सरळ रेघ. चेकवरची सही त्याच माणसाची, पण अक्षरे थरथरलेली आणि रेघ वाकडी. मी गप्पच झालो. तो अदबीने म्हणाला, "काका, चेक चेक करावाच लागतो हो!"

घरी येताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. एकच शब्द लागोपाठ दोनदा, आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा! मग मोजायलाच लागलो. गाडीत तिकीट तपासतो तो चेकर. वाहने थांबवतो तो चेकनाका. डॉक्टर करतात ते चेकअप. नातवाच्या अंगावर चौकड्यांचा शर्ट असतो तो चेक्सचा. अमेरिकेत तर हॉटेलातल्या बिलालाही चेक म्हणतात. थांबवणे, तपासणे, चौकडी आणि पैशाचा कागद, ही एका घरची भावंडे शोभतात का? म्हणून कोश उघडला, आणि कोशाने मला थेट बुद्धिबळाच्या पटावर नेऊन बसवले.

वाचकहो, हा चेक म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून आपला 'शह' आहे! बुद्धिबळ मूळचे आपल्याकडचे. त्याचे नाव चतुरंग. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ते इराणात गेले. तिथे राजाला म्हणतात शाह. राजावर मारा आला की प्रतिपक्षाने 'शाह!' असे बजावायचे, ही तिथली रीत. इराणातून खेळ अरबांकडे गेला, अरबांकडून युरोपात. जाता जाता शब्दाचा उच्चार लॅटिनमध्ये बदलला, फ्रेंचमध्ये आणखी बदलला आणि इंग्रजीत तो 'चेक' होऊन बसला. खेळाचे 'चेस' हे नावही त्याच शब्दाच्या अनेकवचनातून आले. आपण मात्र फारशीतून थेट 'शह' उचलला आणि त्याला 'काटशह'ही जोडून दिला. म्हणजे इंग्रजांचा चेक आणि आमचा शह एकाच आजोळचे.

आता बाकीची कुळकथा सोपी आहे. राजाला शह बसला की खेळणाऱ्याची मनातली चाल जागच्या जागी थांबते. त्यावरून चेक म्हणजे अडवणे. अडवायचे ते कशाला? नीट पाहण्यासाठी. त्यावरून चेक म्हणजे तपासणे. पटावर चौकड्या असतात म्हणून चौकड्यांचे कापडही चेक.

राहिला पैसा. त्याची गोष्ट मौजेची आहे. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायला सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असे एक टेबल असे. त्यावर रेघांचे काळे कापड अंथरीत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे डोकेदुखी, म्हणून त्या रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब करीत. ते टेबल बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या कचेरीचे नाव एक्स्चेकर पडले. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने त्याच शतकात या कचेरीवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. तो म्हणतो की पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदाराची आणि वसूल घेऊन येणाऱ्या शेरीफाची! ब्रिटनचा अर्थमंत्री आजही याच एक्स्चेकरचे नाव मिरवतो.

आणि माझा परत आलेला चेक? १८व्या शतकात पैशाच्या हुकमाचे एक अर्धुक आपल्यापाशी ठेवून घेत, खोटा कागद आला तर पडताळून पाहता यावा म्हणून. त्या अर्धुकाला म्हणत चेक. पुढे नाव अर्धुकावरून कागदावर गेले. इंग्रजांनी एक्स्चेकरच्या वळणावर त्याचे स्पेलिंग बदलले. अमेरिकन लोकांनी जुनेच ठेवले. म्हणजे पडताळणी हाच चेकचा जन्मधर्म! त्या कारकुनाचे वाक्य व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही बिनचूक होते.

हे सारे मी ताईला फोनवर सांगितले. लहानपणी वडिलांनी आम्हा दोघांना ओटीवर बुद्धिबळ शिकवले होते. मुकाट्याने राजावर चालून जायचे नाही, मोठ्याने 'शह' म्हणायचे, असा त्यांचा दंडक. मी चिडून म्हणायचो, सांगायचे कशाला? ते म्हणत, "त्याला सावरायला वेळ नको का?" ताई ते विसरली नव्हती. माझे सारे पुराण ऐकून घेऊन ती म्हणाली, "हाताला शह बसलाय रे तुझ्या. मात थोडीच झाली आहे?"

'मात'चाही अर्थ मी पाहून ठेवला होता. पुष्कळजण तो अरबीतून लावतात आणि 'शाह मात' म्हणजे राजा मेला असे सांगतात. पण फारशीत त्याचा अर्थ निरुपाय झालेला, असा आहे, आणि तोच मूळचा असावा असे जाणकार म्हणतात. खेळात राजाला कोणी मारीत नाहीच. त्याला जायला घर उरत नाही, एवढेच. ताईचे म्हणणे खरे होते. मला अजून एक घर मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मी सहीचा नवा नमुना दिला. थरथरत्या हाताची थरथरती सही. कारकुनाने ती जपून ठेवली आणि मला चहा विचारला.

यंदाचे पाकीट तयार आहे. चिठ्ठीत दोनऐवजी चार ओळी आहेत आणि चेकवर सही अगदी नमुन्यासारखी वाकडी आली आहे.