हट्ट की संवेदनांचा त्रास?

कुकरची शिट्टी झाली की कान झाकून रडणारे, कॉलरमागचे लेबल टोचते म्हणून गणवेश काढून फेकणारे मूल घरात ‘हट्टी’ ठरते. सतत उड्या मारणारे, इतरांवर धडकणारे, जोरात पडले तरी न रडणारे मूल ‘दांडगट’ ठरते. दोघांच्या वागण्यामागे एकच कारण असू शकते. इंद्रियांकडून येणारी माहिती मेंदू एकाला फार तीव्रतेने जाणवून देतो, तर दुसऱ्याला फारच कमी.

अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७२च्या पुस्तकात या अडचणीची मांडणी केली. पाच इंद्रियांबरोबरच शरीराचा तोल आणि स्नायू-सांध्यांची जाणीव यांवरही त्यांनी भर दिला. मात्र हा स्वतंत्र आजार मानावा का, यावर एकमत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये असे निदान न करण्याचा सल्ला दिला. २०१३च्या ‘डीएसएम-५’ने ही लक्षणे स्वमग्नतेच्या निकषांत घेतली. म्हणून ‘मोठे झाले की सुटेल’ म्हणणे जसे चूक, तसेच परस्पर थेरपी सुरू करणेही चूक. आधी श्रवण व दृष्टी तपासावी. बोलणे उशिरा येणे, हाकेला प्रतिसाद नसणे ही लक्षणे सोबत असतील, तर विकासाची पूर्ण तपासणी हवी.

थोडीफार नावड प्रत्येक मुलाला असते. तिच्यामुळे जेवण, झोप, अंघोळ, शाळा अडते का, हा खरा प्रश्न. हट्ट बहुधा हवे ते मिळाले की थांबतो. हा त्रास गोंगाट वा स्पर्श थांबल्यावरही काही काळ टिकू शकतो.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा मुलांची मोफत तपासणी होते. पण पथकाच्या त्या थोड्या वेळात घरातला आकांत दिसत नाही. काय घडले, त्याआधी काय झाले, शांत व्हायला किती वेळ लागला, याची पालक व शिक्षकांनी ठेवलेली दोन आठवड्यांची नोंद तिथे मोलाची ठरते.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, केवळ संवेदनांची अडचण नाही. तरीही लेबल कापून टाकणे, शिट्टीआधी मुलाला सांगणे, वर्गात भोंग्यापासून दूर बसवणे, यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.